दारुमयी देवी: नश्वर द्रव्यातील पूज्यत्वाचा प्रश्न

हिंदू मूर्तिपूजेच्या शास्त्रीय विचारात प्रतिमा कोणत्या द्रव्याची असावी या प्रश्नाला स्वतंत्र स्थान आहे. भागवतपुराणाच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत पाषाणाच्या लगोलग दारुमयी, म्हणजे लाकडाची, प्रतिमा येते आणि तिच्यामागून धातू, लेप, चित्र, वाळू, मन व रत्न यांच्या प्रतिमा येतात. या आठांत लाकडाची अडचण वेगळीच आहे. वाळूची वा मातीची प्रतिमा अल्पायुषी असते हे गृहीतच धरलेले असते. देवीमाहात्म्याच्या अखेरच्या अध्यायात सुरथ राजा आणि समाधी वैश्य नदीकाठी देवीची मातीची मूर्ती करून तिची आराधना करतात, तेव्हा ती मूर्ती टिकावी अशी अपेक्षा कोणीच धरत नाही. पाषाण आणि धातू मानवी आयुष्याच्या मानाने चिरस्थायी वाटतात, त्यामुळे त्यांच्या झिजेचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पुढे ढकलता येतो. लाकूड मात्र या दोहोंच्या मध्ये उभे आहे: ते विसर्जनासाठी घडवलेले नसते आणि कायमचे टिकतही नाही. शिवाय ते पूर्वी सजीव असते, वाढत असते, त्याच्या आश्रयाला पक्षी, कीटक आणि श्रद्धेनुसार भूतगणही असतात. म्हणून लाकडी देवीच्या बाबतीत एक प्रश्न टाळता येत नाही: जिचे शरीर ओलाव्याने फुगते, उन्हाळ्यात तडकते, वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडू शकते, तिच्या ठिकाणी असलेले देवत्व त्या शरीराशी नेमके कोणत्या नात्याने बांधलेले आहे, आणि ते शरीर जपण्याचे काम पूजेचा भाग आहे की पूजेबाहेरची, सुताराकडे सोपवायची बाब आहे?

या प्रश्नाचे पहिले उत्तर मूर्ती घडण्याच्याही आधी, झाडाच्या निवडीत सापडते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत प्रतिमालक्षणाच्या अध्यायानंतर वनसंप्रवेश नावाचा अध्याय आहे. प्रतिमेसाठी लाकूड आणण्याकरिता अरण्यात कसे जावे, हा त्याचा विषय. स्मशानातील, वाटेवरचे, देवालयाजवळचे, वारुळावरचे, उद्यानातले, तपस्व्यांच्या आश्रमातले, नद्यांच्या संगमावरचे, घागरीने पाणी घालून वाढवलेले, वीज पडलेले, वाऱ्याने उन्मळलेले, हत्तींनी मोडलेले अशी झाडे तेथे वर्ज्य ठरवली आहेत. देवदार, चंदन, शमी, मोह, कडुनिंब, पिंपळ, खैर, बेल, अर्जुन, आंबा अशी झाडे वर्णानुसार वाटून दिली आहेत, आणि त्या काळच्या समाजरचनेची छाया त्या वाटणीवर स्पष्ट पडलेली आहे. निवडलेल्या झाडापाशी रात्री पूजा व बलिदान करून, त्या झाडावर वास करणाऱ्या भूतांनी दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे अशी विनंती करायची, आणि मगच दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड लावायची, असा विधी आहे. झाड उभे असताना त्याची कोणती बाजू कोणत्या दिशेला होती, शेंडा कोणता आणि बुंधा कोणता, याच्या खुणा करून ठेवायच्या, कारण प्रतिमेतही त्या दिशा आणि तो वर-खालचा क्रम पाळायचा असतो. पुढच्या अध्यायात लाकडाची व मातीची प्रतिमा आयुष्य, लक्ष्मी, बळ आणि जय देते असे फळही सांगितले आहे. सोन्यारुप्याला आणि पाषाणाला वेगळी फळे आहेत.

या विधीचा आशय असा दिसतो की प्रतिमेचे द्रव्य म्हणजे बाजारातून आणलेला निर्जीव कच्चा माल, असे परंपरेने मानलेले नाही. तेथे आधीच कोणीतरी राहत होते, त्यांना उठवून ती जागा घेतलेली आहे, आणि पुढे ज्या शक्तीची प्रतिष्ठा होणार आहे ती रिकाम्या जागेत येत नाही. झाडाचे शेंडा-बुंधा जपण्याचा नियम तर आणखी पुढे जातो: वृक्षाचे उभे राहणे प्रतिमेच्या उभे राहण्यात चालू राहावे, असे त्यात सुचवलेले आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा प्रत्येक नियमामागे आधुनिक विज्ञान दडलेले आहे असे दाखवण्याची हौस हल्ली फार वाढली आहे, आणि तिने ना विज्ञानाचे भले होते, ना शास्त्राचे. वीज पडलेले किंवा वादळाने उन्मळलेले खोड आतून चिरफाळलेले असू शकते हे खरे. पण संगमावरचे झाड का नको, याला लाकूडशास्त्रात उत्तर शोधणे व्यर्थ आहे. ते झाड दुसऱ्या कुणाचे तरी आहे, देवांचे, पितरांचे, तपस्व्यांचे किंवा पाणी घालणाऱ्या माणसाचे, एवढेच कारण तेथे पुरेसे आहे.

तरीही लाकडाचा स्वभाव समजल्याशिवाय पुढची चर्चा अधांतरी राहील. लाकूड कापल्यानंतरही हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. पावसाळ्यात ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल सगळीकडे सारखी नसते: वार्षिक वलयांच्या कडेकडेने होणारे आकुंचन हे गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते, आणि म्हणूनच अखंड ओंडक्यातून कोरलेली मूर्ती बहुधा परिघाकडून गाभ्याकडे उभी तडकते. खोडाच्या मध्यभागातला गडद, पक्का भाग म्हणजे गाभा. त्याभोवतीचा फिकट, रसवाहक भाग पिष्टाने समृद्ध असल्याने भुंगेऱ्यांच्या अळ्या प्रथम तोच पोखरतात. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांवर दीर्घकाळ राहिला की बुरशीला वाव मिळतो. फणसाच्या पिवळ्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, सागवानात तेलकट द्रव्ये असतात, निंबाचे लाकूड कडू असते. भारतातल्या पूज्य काष्ठमूर्तींत ही लाकडे पुन्हा पुन्हा भेटतात हा योगायोग म्हणता येणार नाही. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी खेळण्यांसाठी हलका पांगारा वापरला, पण देवाच्या मूर्तीसाठी कोकणात फणस, शिवण किंवा सागवान यांकडेच हात जातो, यातही हाच अनुभव बोलतो.

आता तत्त्वज्ञांकडे वळता येते. पूर्वमीमांसेचा भाष्यकार शबर याच्या मते देवतेला शरीरच नाही. ती नैवेद्य खात नाही, प्रसन्न होऊन फळ देत नाही. यज्ञकर्माच्या संदर्भात तिचे अस्तित्व मंत्रातील शब्दापुरते मानले की पुरे. या भूमिकेतून पाहिले तर लाकडी देवीच्या निगेला धार्मिक अर्थ उरत नाही. शंकराचार्यांची भूमिका अधिक सूक्ष्म आहे. ब्रह्मसूत्राच्या चौथ्या अध्यायात प्रतीकाचा, म्हणजे उपासनेसाठी घेतलेल्या दृश्य आधाराचा, विचार करताना ते सांगतात की कनिष्ठ वस्तूकडे श्रेष्ठाच्या दृष्टीने पाहावे, राजाच्या सेवकाकडे राजदृष्टीने पाहावे तसे. उलट मात्र करू नये. प्रतिमेच्या ठिकाणी विष्णुबुद्धी ठेवणे हे याच प्रकारचे आहे. येथे लाकूड लाकूडच राहते, उन्नत होते ती उपासकाची दृष्टी. या मतात मूर्ती तडकल्याने ब्रह्माला काहीच होत नाही, आणि तरीही मूर्ती जपायची असते, कारण ज्या आधारावर दृष्टी स्थिर झाली तो आधार हेळसांडीला सोडणे हा त्या दृष्टीचाच भंग ठरतो.

लाकडी मूर्तीच्या प्रश्नाला खरा भिडणारा विचार मात्र रामानुजीय परंपरेत आढळतो. पर, व्यूह, विभव आणि अंतर्यामी या रूपांच्या जोडीला तेथे अर्चावतार मानला आहे, म्हणजे पूजेच्या मूर्तीत ईश्वराने स्वेच्छेने घेतलेला अवतार. पिळ्ळै लोकाचार्यांसारख्या आचार्यांनी या अवताराचा जो विशेष सांगितला आहे तो असा की, जो सर्वस्वतंत्र आहे तोच येथे अर्चकाच्या अधीन होतो: त्याला स्नान कधी घालायचे, जेवू कधी घालायचे, निजवायचे कधी, हे सगळे पुजाऱ्याच्या हाती असते, आणि ही पराधीनता ईश्वराची उणीव नसून त्याच्या सौलभ्याची, म्हणजे सहज लाभण्याच्या गुणाची, परिसीमा आहे. हा सिद्धांत विष्णूबद्दल मांडलेला आहे. देवीच्या शाक्त मंदिरांवर तो जसाच्या तसा लादणे योग्य होणार नाही. पण त्याने पुरवलेली विचाराची चौकट लाकडी देवीच्या बाबतीत जितकी शब्दशः लागू पडते तितकी पाषाणमूर्तीच्या बाबतीत पडत नाही. पाषाणाची देवी पुजाऱ्याच्या दुर्लक्षाने उपाशी राहते असे भावनेने म्हणता येते. लाकडाची देवी दुर्लक्षाने खरोखरच संपते. तेथे पराधीनता हा अलंकार राहत नाही. या निबंधाचे प्रतिपादन एवढेच आहे की, काष्ठमूर्तीच्या परंपरांत निगा ही पूजेनंतरची व्यवस्था म्हणून आलेली नाही. देवतेच्या सान्निध्याचा अर्थच त्या परंपरांनी निगेच्या कृतींतून घडवला आहे, आणि प्रत्येक परंपरेने तो निराळा घडवला आहे.

पुरीचे उदाहरण यात सर्वांत विलक्षण आहे, आणि ते जगन्नाथाइतकेच सुभद्रेचेही आहे, हे सहसा विसरले जाते. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन या चारही मूर्ती निंबाच्या लाकडाच्या आहेत. सुभद्रेला तेथे भुवनेश्वरीच्या मंत्राने पूजले जाते, म्हणजे ती बहीण असूनही देवीच्या पूर्ण अधिकाराने मध्यभागी उभी आहे. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी, साधारणतः 12 ते 19 वर्षांच्या अंतराने आणि क्वचित 8 वर्षांनीही, या मूर्ती नव्या केल्या जातात. या विधीला नवकलेवर, म्हणजे नवे शरीर, असे नाव आहे. 1969, 1977, 1996 आणि 2015 ही त्याची अलीकडची वर्षे. दइतापती नावाचे सेवक काकटपूरच्या मंगलादेवीच्या मंदिरात जाऊन स्वप्नादेशाची वाट पाहतात आणि मग झाडांच्या शोधात निघतात. त्या झाडांची परंपरेने सांगितलेली लक्षणे पाहिली की वराहमिहिराचा वाचक चकित होतो: झाडाजवळ स्मशान असावे, वारूळ असावे, सापाचा वास असावा, पाणवठा आणि देवालय वा आश्रम जवळ असावा. बृहत्संहितेने जे नेमके वर्ज्य केले तेच येथे आवश्यक ठरले आहे. दइतापती स्वतःला विश्वावसू या शबर जमातीच्या प्रमुखाचे वंशज मानतात. तेव्हा हा उलटा क्रम म्हणजे ग्रंथाबाहेरच्या, अरण्यातल्या पूजकांच्या जाणिवेचा अवशेष असावा, असे अनुमान करायला जागा आहे. वारुळाच्या सान्निध्यात उभे राहूनही जे झाड वाळवीने खाल्लेले नाही त्याची परीक्षा आपोआप झालेली असते, हेही सुचते; पण वर दिलेली सावधगिरी येथेही लागू आहे.

नव्या मूर्ती तयार झाल्यावर जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ, ज्याचे स्वरूप कोणालाही पाहण्याची मुभा नाही, तो रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेल्या आणि हात वस्त्राने गुंडाळलेल्या दइतापतींकडून नव्या मूर्तींत ठेवला जातो. त्यानंतर जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातील कोइली वैकुंठ येथे पुरल्या जातात आणि दइतापती घरात मृत्यू झाल्याप्रमाणे सुतक पाळतात. या सुतकाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. ब्रह्मपदार्थ जर नव्या शरीरात गेला असेल तर मेले कोण? गीतेतील जीर्ण वस्त्राच्या दृष्टांताने उत्तर द्यायचे तर शोकाला कारण नाही. आणि तरीही शोक विधीचाच भाग आहे. म्हणजे परंपरा एकाच वेळी दोन गोष्टी धरून ठेवते: देवता शरीराहून निराळी आहे, आणि ते शरीर कोणाचे तरी नातलग होते. मूर्तीला निव्वळ प्रतीक समजणाऱ्यांना या सुतकाचे स्पष्टीकरण देता येत नाही, आणि मूर्ती म्हणजेच देव असे सरधोपट मानणाऱ्यांना नवकलेवराचे.

दोन नवकलेवरांच्या मधल्या वर्षांतली व्यवस्थाही तितकीच विचारपूर्वक आहे. लाकडाच्या मूर्तीवर लाल रेशमी दोरे, राळ, कापडाच्या पट्ट्या, चंदनादी सुगंधी द्रव्ये यांचे थर चढवून त्यावर रंग दिलेला असतो. लाकूड हाडांच्या, दोरे शिरांच्या आणि कापड कातडीच्या ठिकाणी मानले जाते. अशा रंगवलेल्या, कापड गुंडाळलेल्या मूर्तीवर रोज पाणी ओतणे म्हणजे तिचा नाश ओढवून घेणे होय. म्हणून रोजचे स्नान समोर धरलेल्या आरशातील प्रतिबिंबाला घातले जाते. फक्त ज्येष्ठ पौर्णिमेला 108 घागरींनी प्रत्यक्ष मूर्तींना स्नान होते. त्याने रंग उतरतो, आणि देवांना ताप आला असे मानून त्यांना पंधरवडाभर दर्शनाबाहेर ठेवले जाते. हा अनवसर काळ. त्या काळात सुगंधी फुले घालून मुरवलेले तिळाचे तेल, ज्याला फुलुरी म्हणतात, मूर्तींना लावले जाते, दशमुळांचे औषध दिले जाते, थर दुरुस्त केले जातात, रंग नवा होतो, आणि मग रथयात्रेला देव बरे होऊन बाहेर पडतात. मूर्तीची वार्षिक डागडुजी आणि देवाचे आजारपण या दोन गोष्टी येथे अशा एकजीव झाल्या आहेत की एकीला उपयुक्त आणि दुसरीला पौराणिक ठरवून त्या वेगळ्या काढण्याचा प्रयत्न केला तर दोन्हींचा अर्थ हरवतो.

केरळातील भद्रकालीच्या मंदिरांनी हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला. कोडुंगल्लूरच्या भगवतीची मूर्ती फणसाच्या लाकडाची आहे, आणि अशा दारुबिंबांना, म्हणजे लाकडी मूर्तींना, जलाभिषेक केला जात नाही. त्याऐवजी चांदाट्टम नावाचा विधी होतो; त्यात सागापासून काढलेल्या तेलकट द्रव्याचा गडद लेप देवीच्या अंगाला लावतात. लाकूड ज्याने बिघडते ते पाणी दूर ठेवायचे आणि ज्याने टिकते त्या तेलालाच अभिषेकाचे स्थान द्यायचे, असा हा निर्णय आहे. रोजच्या स्नानासाठी धातूची लहान अर्चनामूर्ती वेगळी असते. वैखानस आगमात मुख्य अचल मूर्तीला ध्रुवबेर म्हटले आहे आणि नित्यपूजा, स्नान, उत्सव, बली यांसाठी निरनिराळी बेरे सांगितली आहेत, ती योजना याच गरजेतून अधिक समजते: एकच सान्निध्य अनेक शरीरांत वाटून दिले की ज्या शरीराला पाणी सोसत नाही त्याला पाण्यापासून वाचवता येते.

कांचीपुरमच्या अत्तिवरदराचे उदाहरण देवीचे नसले तरी येथे टाळता येत नाही, कारण ते वरकरणी सगळ्या नियमांच्या उलट आहे. औदुंबराच्या लाकडाची ही मूर्ती मंदिराच्या पुष्करिणीत पाण्याखाली ठेवलेली असते आणि 40 वर्षांनी बाहेर काढली जाते; 1979 नंतर ती 2019 मध्ये 48 दिवस दर्शनाला होती. लाकडाला धोका असतो तो ओल्या-कोरड्याच्या आलटून-पालटून येणाऱ्या चक्राचा; कायम पाण्याखाली, जेथे हवा फारशी पोहोचत नाही, तेथे बुरशी आणि वाळवी दोन्ही हतबल होतात. मूर्ती वर्षातून एकदा बाहेर काढण्याची प्रथा असती तर ती केव्हाच नष्ट झाली असती.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसीच्या मारिकांबेकडे गोवा आणि दक्षिण महाराष्ट्रातूनही भाविक जातात. ही अष्टभुजा देवी लाकडाची असून तिची जत्रा एक वर्षाआड भरते. जत्रेपूर्वी मूर्तीचे विसर्जन करून रंग नवा दिला जातो, देवीचे लग्न लागते, रथातून मिरवून ती जत्रेच्या गादीवर बसते, आणि जत्रा संपली की पुन्हा विसर्जन होऊन युगादीला, म्हणजे पाडव्याला, तिची पुनःप्रतिष्ठा होते. मधल्या काळात मंदिरात देवी नसते. पुरीत देवाला ताप येतो आणि तो बरा होतो. येथे देवीचे येणे, लग्न, जाणे आणि परतणे असे पूर्ण आवर्तन आहे, आणि रंगकाम त्याच आवर्तनाच्या एका टप्प्यात बसवलेले आहे. दक्षिण कोकणात व पेडण्याच्या बाजूला दसऱ्याला निघणारी तरंगे, म्हणजे लुगडी नेसवून सजवलेले देवतांचे खांब, हेही वर्षातला बहुतेक काळ विश्रांतीत असतात आणि ठरल्या दिवशीच जागे होतात. देवता नेहमी हजरच असली पाहिजे हा आग्रह काष्ठपरंपरांनी धरलेला दिसत नाही. गैरहजेरीलाही त्यांनी विधीत मानाचे स्थान दिले, आणि त्या गैरहजेरीतच लाकडाला उसंत मिळाली.

याच्याशी तुलना म्हणून कोल्हापूरच्या महालक्ष्मीचा विचार करावा लागतो. ती मूर्ती पाषाणाची आहे, त्यामुळे ती टिकणारच असे गृहीत धरून पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर अभिषेक होत राहिले. झीज लक्षात आल्यावर 1955 मध्ये वज्रलेप, म्हणजे मूर्तीवर द्यायचा संरक्षक लेप, दिला गेला, पुढे दीर्घ वादानंतर 2015 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने रासायनिक संवर्धन केले आणि अभिषेक उत्सवमूर्तीवर होऊ लागले. मूळ मूर्तीला पाणी न घालण्याने काहीतरी उणे होते, अशी जी हळहळ अनेक भाविकांना वाटली ती प्रामाणिक होती. पण शाक्त परंपरेतच कोडुंगल्लूरसारखी क्षेत्रे आहेत, जेथे देवीला पाणी न घालणे हीच पूर्ण पूजा आहे, हे त्या वादात अधिक ठळकपणे पुढे यायला हवे होते.

मूर्ती दुरुस्त करण्यापलीकडे गेली तर काय करावे, याचे उत्तर जीर्णोद्धाराच्या प्रकरणांत मिळते. आगमांच्या पद्धतीत प्रथम कलाकर्षण करतात, म्हणजे मूर्तीतील शक्तीच्या कला मंत्रांनी आकर्षून पाण्याच्या कलशात घेतात. दुरुस्तीच्या काळात ही शक्ती बालालय नावाच्या तात्पुरत्या लहान देवळात राहते. अग्निपुराण पुढे सांगते की निरुपयोगी झालेली पाषाणमूर्ती पाण्यात सोडावी, लाकडाची मात्र फोडून अग्नीत जाळावी. हा नियम कठोर वाटतो, पण त्यातील विवेक माणसाच्या अंत्यसंस्काराचाच आहे: जे जिवंत होते ते अग्नीला द्यायचे. पुरीत पुरतात, पुराणात जाळतात. दोन्हीकडे जुने शरीर ठेवून द्यायचे मात्र नसते.

येथेच वस्तुसंग्रहालयाची भूमिका परंपरेशी सरळ विरोधात उभी राहते. संग्रहालयातील संवर्धक मूळ रंगाचा कण जपतो, कमीत कमी हस्तक्षेप करतो, आणि जे काही करील ते पुढे काढून टाकता येईल असेच करतो. कीड लागलेली लाकडी मूर्ती प्राणवायू काढून टाकलेल्या बंद आवरणात काही आठवडे ठेवून रसायन न लावता कीडमुक्त करतो. त्याच्या दृष्टीने दर काही वर्षांनी नवा रंग देणारा पुजारी इतिहास पुसत असतो, आणि पुजाऱ्याच्या दृष्टीने संवर्धक एका मृत देहाला सजवून ठेवत असतो. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सारख्या वजनाने प्रत्येक ठिकाणी लागू नाही. जी देवी पूजेत आहे तिच्याबाबत अखेरचा शब्द पूजेच्या नियमांचा असावा, कारण तिचा रंग नवा होत राहणे हाच तिचा इतिहास आहे. संवर्धकाने तेथे सल्लागार म्हणून यावे, आणि थर चढवण्यापूर्वी जुन्या थरांची नोंद ठेवण्याचा आग्रह धरावा. जी मूर्ती पूजेतून निघाली, जिचे देऊळ उरले नाही किंवा जी गहाळ होऊन फिरत संग्रहात आली, तिला पूजेचे नियम लावून जाळण्यात शहाणपण नाही. सर्वांत वाईट अवस्था मधल्या मूर्तींची होते: पूजा चालू असते, पण परंपरेचा रंगारी उरलेला नसतो, आणि गावातला कोणी उत्साही दाता तैलरंगाचा चकचकीत डबा घेऊन येतो. हवाबंद रंगाखाली ओलावा अडकून लाकूड आतून कुजते आणि बाहेरून मूर्ती नवी दिसत राहते.

घरातील देवीच्या लाकडी मूर्तीबाबत वरील चर्चेतून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. अशा मूर्तीला पंचामृत घालू नये, कारण दूध आणि साखर यांच्या मागोमाग मुंग्या व बुरशी येतात. स्नान पुरीप्रमाणे आरशातल्या प्रतिबिंबाला किंवा शेजारच्या चांदी-पितळेच्या टाकाला घातले तरी पूजा अपुरी राहत नाही. ओली फुले आणि हार मूर्तीच्या अंगाला न भिडवता पायाशी ठेवावेत. समई आणि कापूर काही अंतरावर असावेत, कारण काजळी कोरीवकामाच्या खाचांत बसते आणि ती काढण्यासाठी घासले की रंगही निघतो. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी, ओल्या फडक्याने पुसू नये. लाकडाला तेल पाजण्याची जुनी सवय न रंगवलेल्या मूर्तीपुरती ठीक आहे, पण खोबरेल खवट होते आणि धूळ धरते, त्यामुळे ते टाळलेले बरे. मूर्तीखाली पिठासारखी बारीक भुकटी पुन्हा पुन्हा दिसू लागली तर आत भुंगेऱ्याची अळी जिवंत असण्याची शक्यता असते. मूर्ती लगेच इतर लाकडी सामानापासून वेगळी काढून जाणकाराला दाखवावी.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत एक तक्रार नेहमी ऐकू येते: कोकणातून वा दक्षिणेतून नेलेली देवी पहिल्याच हिवाळ्यात उभी तडकली, आता ती खंडित समजून विसर्जित करावी काय? शास्त्रांत मुख्य अंग, विशेषतः मस्तक, भंगणे आणि बोट, आयुध, अलंकार यांसारखे गौण अंग दुखावणे यांत भेद केलेला आहे; पहिल्यात मूर्ती बदलावी, दुसऱ्यात सांधावी. हंगामी तडा या दोन्हींत बसत नाही. कृत्रिम उष्णतेने कोरड्या झालेल्या खोलीत लाकूड आकसून फाकलेले असते, आणि हवेत दमटपणा आला की तीच फट बरीचशी मिटते. तेव्हा तिच्यात घाईने कडक लांबी भरली तर पुढे लाकूड फुगताना ती पाचरीसारखी आत रुतून नवी फट पाडते. मूर्ती उष्णतेच्या झोतापासून दूर, खोलीच्या आतल्या भिंतीपाशी हलवावी, एक पूर्ण वर्ष पूजा नेहमीप्रमाणे चालू ठेवावी, आणि फट कितपत मिटली हे पाहून मगच सांधायचे की नाही ते ठरवावे.